साडेपाच तासांचा हँग: जिनिंगच्या काट्यावरच्या सर्व्हरचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: लाईन जाऊन आली की थोड्या वेळात सर्व्हर हँग मारतो. ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव पट्ट्यातलं एक जिनिंग-प्रेसिंग. हंगाम ऐन भरात, गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि आत काट्यावरचा कंप्यूटर अडलेला.

मांडणी साधी होती. एका टॉवर पीसीवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि काट्याचा प्रोग्राम. वे-ब्रिजचा इंडिकेटर सीरियल केबलने याच मशीनला जोडलेला. काट्याच्या खोलीत एक आणि ऑफिसात दोन कंप्यूटर, तिन्हीवर ब्राउझरमधून वजन दिसतं आणि पावती निघते. इंटरनेट सिमकार्डाच्या राउटरवर. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच गेली होती. तो नुसता टेबलावर जागा अडवून होता.

'हँग' म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारावं लागतं. कोणी माउस हलत नाही म्हणून हँग म्हणतं, कोणी प्रिंटर पावती देत नाही म्हणून. इथे पडद्यावरचं वजन एका आकड्यावर थिजायचं. भरलेला ट्रॅक्टर काट्यावरून उतरून गेला तरी पडद्यावर त्याचंच वजन. नवी गाडी चढली तरी तेच. इंडिकेटरवरचे लाल आकडे मात्र बरोबर बदलत असायचे. वैधमापनवाल्यांचं सील इंडिकेटर-काट्यावर असतं, कंप्यूटर फक्त त्याची नक्कल करतो, त्यामुळे कायद्याच्या अंगाने भानगड नव्हती. पण खिडकीतून डोकावणाऱ्या शेतकऱ्याला दोन वेगळे आकडे दिसले की त्याच्या मनात काय येतं, ते कापूस विकलेल्या कोणालाही सांगायला नको.

मी पोचण्याआधी बरेच इलाज झाले होते. रॅम बदलली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. शेवटी कोणीतरी इंटरनेटवर वाचून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बूट ओळीत क्लॉकसोर्स (वेळ मोजायचं हार्डवेअर) एचपीईटी करून ठेवला होता. या शेवटच्या इलाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'लिनक्स हँग होतो, घड्याळाचा प्रॉब्लेम' असं शोधलं की हाच सल्ला सगळ्यात आधी हाताला लागतो.

लिनक्सला वेळ मोजायला हार्डवेअरमध्ये कुठलातरी मोजणारा लागतो. आजच्या मशीनवर तो बहुतेक टीएससी, म्हणजे प्रोसेसरच्या आतलाच काउंटर. पेंटियमपासून तो आहे. वाचायला अतिशय स्वस्त, काही डझन नॅनोसेकंदांचं काम. पूर्वी याची खोड अशी होती की प्रोसेसरने वीज वाचवायला वेग कमी केला किंवा खोल झोप घेतली की मोजणी चुकायची, आणि दोन कोअरमध्ये दोन वेगळे आकडे यायचे. म्हणून कर्नल दुसऱ्या घड्याळाशी त्याची पडताळणी करत राहतो. फरक फार झाला तर टीएससी अस्थिर असल्याची नोंद लॉगमध्ये टाकतो आणि एचपीईटी किंवा एसीपीआय टायमर या दुसऱ्या मोजणाऱ्यांवर जातो. एचपीईटी साधारण १४.३ मेगाहर्ट्झवर चालतो, चिपसेटमध्ये बसलेला असतो आणि वाचायला टीएससीपेक्षा कितीतरी पट महाग. शिवाय तो निवडला की प्रोग्रामने नुसती वेळ विचारली तरी कर्नलचं दार ठोठवावं लागतं. सतत वेळ विचारणाऱ्या डेटाबेसला हे जाणवतं.

हा सल्ला खोटा नाही. पण तो द्यायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात: लॉगमध्ये टीएससी अस्थिर झाल्याची ओळ आहे का, आणि प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये 'कॉन्स्टंट टीएससी' आणि 'नॉनस्टॉप टीएससी' आहेत का. इथे फ्लॅग दोन्ही होते आणि तसली ओळ जुन्या कुठल्याच बूटमध्ये नव्हती. म्हणजे नसलेल्या रोगावर औषध चालू होतं आणि त्या औषधानेच रिपोर्ट उघडायला वेळ लागत होता. ती सेटिंग काढून टाकली. हँग अर्थातच तसाच राहिला.

आता मूळ प्रश्न. मशीन खरंच गोठतं की फक्त प्रोग्राम? यासाठी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. दिवा लागतो-विझतो म्हणजे कर्नल जिवंत आहे. मी रिमोटची सोय करून ठेवली आणि सांगितलं की पुढच्या वेळी रीस्टार्ट करू नका, आधी फोन करा, तोवर इंडिकेटर बघून हाताने पावत्या लिहा. हंगामात असं सांगणं म्हणजे काट्यावरच्या माणसांची परीक्षाच होती, पण मालक भाऊंनी मान्य केलं.

फोन आला तेव्हा दिवा लागत होता, एसएसएच (दूरून लॉगिन) उघडलं, पोस्टग्रेस उत्तर देत होता. आणि सगळ्यात बोलकं म्हणजे प्रोसेसरवर काहीच भार नव्हता. लोड शून्याच्या आसपास, डिस्कसाठी अडकलेलं काही नाही. काट्याचा प्रोग्राम यादीत होता, शांत झोपलेला.

हा शांतपणा महत्त्वाचा. घड्याळामुळे सर्व्हर अडतो तेव्हा दोन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा २०१२ मध्ये जगभर दिसली. त्या वर्षी ३० जूनच्या शेवटी, आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचला, घड्याळात एक जादा सेकंद घालण्यात आला. लिनक्स कर्नलमधल्या एका दोषामुळे टायमरांना ही दुरुस्ती कळलीच नाही; ते एक सेकंद आधीच वाजू लागले. जे प्रोग्राम अर्धा सेकंद थांब म्हणायचे, त्यांना 'वेळ झाली' असं उत्तर लगेच मिळायचं, पुन्हा थांबायला जायचे, पुन्हा लगेच उत्तर. जावा आणि मायएसक्यूएलचे कितीतरी सर्व्हर शंभर टक्के प्रोसेसर खात अडकले, आणि इलाज म्हणून लोकांनी आहे तीच तारीख पुन्हा सेट केली, तेवढ्याने ते सुटले. म्हणजे तिथे थांबणंच बंद झालं होतं. आमच्याकडे उलट: कोणीतरी थांबला होता आणि उठत नव्हता.

अजून एक जुना प्रकार तपासायला लोक सुचवतात, सुमारे २०८ दिवस सलग चालल्यावर २.६.३२ च्या काळातले कर्नल पडायचे तो. नॅनोसेकंदांचा हिशेब २ च्या ५४ व्या घातापाशी ओसंडायचा. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला. आणि इथे लाईन २०८ दिवस सलग राहील, तेव्हा त्याचा विचार करू.

कोण थांबलाय ते बघायला प्रॉक फोल्डर पुरतो (चालू प्रोग्रामांची स्थिती कर्नल तिथे फाइलींसारखी दाखवतो), प्रोग्रामला धक्काही लागत नाही. प्रत्येक थ्रेडसाठी, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या एकेका कामासाठी, तिथे 'सिस्कॉल' नावाची फाइल असते; त्याने कर्नलकडे काय मागितलंय ते तीत दिसतं. इंडिकेटर वाचणाऱ्या थ्रेडची फाइल उघडली तर पहिला आकडा २०२. एक्स८६ च्या ६४-बिट लिनक्सवर हा फ्युटेक्स, म्हणजे थ्रेडला थांबवून ठेवायची कर्नलची सोय. त्यानंतर पत्ता, आणि तिसऱ्या जागी हेक्समध्ये १८९. हा आकडा फोडला की तीन तुकडे पडतात: ९ म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत थांब, ८० म्हणजे याच प्रोसेसपुरतं, आणि १०० म्हणजे ही वेळ भिंतीवरच्या घड्याळाची धर. या शेवटच्या शंभरातच सगळं होतं.

युनिक्सच्या घराण्यात निदान दोन घड्याळं मानावी लागतात. एक रिअलटाइम: तारीख, तास, मिनिटं, माणसांशी बोलायची वेळ. ती पुढे-मागे करता येते, एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) तर करतोच. दुसरं मोनोटॉनिक: मशीन सुरू झाल्यापासून पुढेच जाणारं, तारखेशी देणंघेणं नसलेलं, कोणी मागे सारू शकत नाही असं. दोन सेकंद थांबायचं तर दुसऱ्यावर मोजायला हवं. आमचा थ्रेड पहिल्यावर मोजत होता. जीडीबी (चालू प्रोग्रामच्या आत डोकावायचं साधन) लावून तो किती वाजेपर्यंत थांबलाय ते काढलं. निघाले संध्याकाळचे चार वाजून वीस मिनिटं. तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते.

दर दोन सेकंदांनी इंडिकेटर वाचायचा, एवढंच ज्याचं काम, त्याने संध्याकाळची मुदत कशी घेतली? इथे दिवाणजींची एक गोष्ट आठवली, जी त्यांनी आधी सहज सांगितली होती: "संक्रांतीच्या दिशी गाड्या नव्हत्या, म्हून कोणी हातच नाही लावला. साडेचारले पाह्यलं तं आपल्या मनानंच सुरू झालं होतं." त्या दिवशीही लाईन सकाळीच गेली होती. एरवी हँग किती वेळ टिकतो हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण दहा मिनिटांत कोणीतरी बटण दाबायचंच.

वजन थिजलं सकाळी दहा-पन्नासला, मुदत संध्याकाळी चार-वीसची. फरक साडेपाच तास. भारतात बसून कंप्यूटरचं काम करणाऱ्याला साडेपाच तासांचा फरक कुठेही दिसला की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपली वेळ यांच्यात कोणीतरी घोळ घातलाय, हे ताबडतोब मनात यायला हवं. सेकंदांत दिसला तर १९,८००.

मग जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग. त्या सकाळच्या बूटच्या सुरुवातीला कर्नलची ओळ: मदरबोर्डच्या घड्याळावरून सिस्टिमची वेळ लावली, १०:४१ यूटीसी. खरी वेळ होती १०:४१, पण आपली. लिनक्सने तिला यूटीसी समजून साडेपाच मिळवले आणि सर्व्हरचं घड्याळ संध्याकाळच्या ४:११ वर गेलं. काट्याचा प्रोग्राम सुरू झाला, वजन दिसू लागलं, सगळं सुरळीत. राउटरला मात्र लाईन आल्यावर टॉवर पकडून नेट द्यायला बराच वेळ लागतो. नेट आलं, टाइमसिंकडीने (एनटीपीने वेळ जुळवणारा लिनक्सचा प्रोग्राम) खरी वेळ विचारली, आणि ४:२० चे एका झटक्यात १०:५० केले. त्या क्षणी वाचणारा थ्रेड '४ वाजून २० मिनिटं ७ सेकंद होऊ देत' म्हणून दोन सेकंदांसाठी झोपला होता. घड्याळ मागे गेलं, मुदत तिथेच राहिली. दोन सेकंदांचे साडेपाच तास झाले.

जर्नल वाचताना एक सोय वापरावी: नेहमीच्या तारखेऐवजी मोनोटॉनिक वेळ दाखवायला सांगावं. नाहीतर चारच्या ओळीखाली अकराची ओळ दिसते आणि वाचणारा आपलंच डोकं तपासत बसतो.

पण मदरबोर्डच्या घड्याळात आपली वेळ आली कुठून? आणि मी किंवा आधीचा कोणी बघायला जाई तेव्हा ते घड्याळ दर वेळी बरोबर यूटीसी का दाखवायचं? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. एनटीपीने वेळ जुळली की कर्नल स्वतःच ती मदरबोर्डच्या घड्याळात लिहितो, आणि पुढे साधारण दर ११ मिनिटांनी लिहीत राहतो. म्हणजे हँग व्हायला कारण ठरलेली चुकीची वेळ, त्या हँगबरोबरच पुसली जायची. रीस्टार्ट केलं की मशीन बरोबर वेळेवर उठायचं, म्हणून रीस्टार्टने दर वेळी सुटायचं. मेन स्विच बंद करून चालू केला तर मात्र पुन्हा तेच. 'कधी सुटतं, कधी नाही' या तक्रारीत एवढाच भेद होता.

पहिल्याचं उत्तर काट्यावरच्या पोराने दिलं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपलेला होता. ३ व्होल्टचा सेल, मीटरवर त्याच्या निम्माही दिसेना. लाईन गेली की घड्याळ विसरायचं, आणि लाईन आल्यावर बायोस (मशीन सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अडून बसायचं: तारीख-वेळ सेट नाही, एफ-वन दाबा. "मंग मी आत जाऊन मोबाइलात पाहून बराबर टाइम टाकतो न जी," पोरगा म्हणाला. एकदा पावत्यांवर कुठल्यातरी जुन्या सालाची तारीख छापली गेली होती, मालकाने बोल लावले होते, तेव्हापासून तो हे न चुकता करत होता. मिनिटाचाही फरक पडू देत नव्हता.

दिवाणजींच्या पाळीत हँग कधी होत नसे. ते नुसतं एफ-वन दाबून पुढे जायचे. तेव्हा बायोस जुनंच साल पुढे करायचं, पण टाइमसिंकडी शेवटची माहीत असलेली वेळ एका फाइलच्या तारखेत जपून ठेवतो आणि सुरू होताना तिच्या मागे घड्याळ राहू देत नाही. म्हणजे घड्याळ जेवढा वेळ लाईन नव्हती, तेवढंच मागे असायचं. नेट आल्यावर ते पुढे उडी मारायचं. पुढच्या उडीने मुदत लगेच संपते, थ्रेड उठतो, कोणाला काही कळतही नाही. परिणाम असा की निष्काळजीपणे एफ-वन दाबणारा निर्दोष ठरला आणि मोबाइल बघून वेळ टाकणाऱ्या पोरावर 'हाच कायतरी करून ठेवते' असा संशय होता. त्याला कामावरून काढायची गोष्टही निघाली होती. हे प्रकरण लिहायचं एक कारण तेही आहे.

खात्री करायला मी रिकाम्या मशीनवर नाटक करून पाहिलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं, काट्याचा प्रोग्राम सुरू केला, घड्याळ जागेवर आणलं. वजन बरोबर पाच मिनिटं थिजलं आणि पुन्हा चालू झालं. दहा मिनिटांच्या उडीला दहा मिनिटं. हँगची लांबी उडीएवढीच येते, हे दाखवल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याशी वाद घालायची गरज उरली नाही.

तसा त्याचा कोड वाचला तर दोष सापडत नाही. सी++ मध्ये सरळ लिहिलेलं: या कंडिशन व्हेरिएबलवर (थ्रेडला उठवायचा इशारा) दोन सेकंद थांब. कुठल्याही घड्याळाचं नाव नाही. गोम कंपायलरमध्ये, म्हणजे कोडमधून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनात, आहे. जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीआधी हे दोन सेकंद आतल्या आत भिंतीवरच्या घड्याळात बदलले जायचे, कारण खालच्या सी लायब्ररीत मोनोटॉनिक घड्याळावर असं थांबायची योग्य सोयच नव्हती. ती या लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, २.३० मध्ये, २०१९ साली आली, आणि जीसीसी १० ने ती वापरायला घेतली. हा प्रोग्राम डेबियन १० वर, म्हणजे जीसीसी ८ वर, बांधलेला होता. सर्व्हर डेबियन १२ वर नेला तरी फरक पडला नाही, कारण तो भाग हेडरमधून (कंपायलरबरोबर येणाऱ्या कोडच्या फाइलींमधून) थेट प्रोग्राममध्येच शिवला जातो. नव्या कंपायलरने पुन्हा बांधल्याशिवाय तो सुटत नाही. बांधून घेतला. प्रॉकमधली तीच फाइल पुन्हा बघितली, १८९ च्या जागी ८९ आलं होतं. रिकाम्या मशीनवर घड्याळ हवं तसं मागेपुढे केलं, वजन एकदाही थिजलं नाही.

बाकीची कामं किरकोळ. नवा सेल. बायोसमध्ये चूक दिसली तरी न अडता पुढे जायची सेटिंग, आणि लाईन आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायची. यूपीएसला बॅटरी, ज्यासाठी मालक भाऊंना सगळ्यात जास्त पटवावं लागलं.

दोन सूचना आल्या होत्या त्या घेतल्या नाहीत. पहिली, मदरबोर्डच्या घड्याळात आपलीच वेळ ठेवावी आणि लिनक्सला तसं सांगून द्यावं. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी वेळ बदलत नाही, त्यामुळे हे चाललंही असतं, आणि पोराची सवयही बसून गेली असती. पण टाइमडेटसीटीएल (लिनक्समध्ये वेळ बघायची-लावायची कमांड) स्वतःच त्यावर इशारा देतं, आणि पुढे मशीन बदललं की ही गोष्ट कोणाच्या लक्षात राहणार नाही. दुसरी, वेळ जुळल्याशिवाय काट्याचा प्रोग्राम सुरूच करू नये. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू करणारी व्यवस्था) त्यासाठी तयार सोय आहे, आणि शहरातल्या सर्व्हरवर मी ती लावलीही असती. इथे नेट दुपारपर्यंत न आल्याचे दिवस असतात. घड्याळ चुकलं म्हणून वजनच थांबवायचं, हे त्या रांगेतल्या एकालाही समजावता आलं नसतं.

एक निस्तरायचं मात्र राहिलं होतं. लाईन आल्यापासून नेट येईपर्यंतच्या मिनिटांत ज्या पावत्या निघाल्या, त्यांच्यावर साडेपाच तास पुढची वेळ पडलेली. काही गाड्यांचं भरलेलं वजन संध्याकाळी सव्वाचारचं आणि रिकामं वजन त्याच सकाळी साडेअकराचं, म्हणजे गाडी भरायच्या आधीच रिकामी झालेली. शोधायला सोपं होतं: पावतीचा क्रमांक वाढत जातो आणि वेळ मागे येते, अशा जोड्या एका क्वेरीत निघतात. त्यातून प्रत्येक दिवसाची उडी कळली आणि जर्नलशी ताडूनही पाहिली. मालक भाऊ म्हणाले, साडेपाच तास वजा करून टाका. पण शेतकऱ्यांच्या हातात छापील पावत्या होत्या. टेबलातली वेळ बदलली असती तर कागद आणि नोंद जुळली नसती. म्हणून मूळ वेळ तशीच ठेवली, शेजारी दुरुस्त वेळेचा वेगळा कॉलम आणि शेऱ्यात कारण. रिपोर्ट आता दुरुस्त वेळेवर लागतात.